तुलनेचं घर

काकूंची आयुष्यात एकदाच कशासाठी तरी निवड झाली, आणि तीही अगदी साधारण असण्याबद्दल.

शाळेत त्या कधी पहिल्या आल्या नाहीत आणि नापासही झाल्या नाहीत. खेळात त्यांना आपल्या बाजूला घ्यायला कोणी भांडलं नाही, नको असंही कोणी म्हणालं नाही. वर्गाच्या फोटोत त्या मधल्या रांगेत, मधोमध उभ्या आहेत आणि नेमके डोळे मिटलेले आहेत. त्यामुळे वस्तीच्या सभागृहात प्रकल्पाच्या बाईंनी त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, की ह्याच नावाची दुसरी कोणी बसली आहे की काय.

प्रकल्प कसला, ते बाईंनी त्याआधी समजावून सांगितलं होतं. बाई बोलायला चांगल्या होत्या. फळ्यावर दोन चुली काढल्या, एका चुलीवर धुराचा मोठा ढग, दुसरीवर छोटा.

"समुद्रापलीकडच्या एका देशाला स्वतःचा धूर कमी करायचाय," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे तो आणखी कमी करणं फार अवघड आहे. म्हणून आपल्या सरकारशी त्यांचा करार झालाय. आपण इथे नव्या चुली वापरायच्या, लाकूड कमी जाळायचं. जेवढा धूर वाचेल तो मोजायचा. त्या वाचलेल्या धुराला म्हणतात कार्बन क्रेडिट. ते त्यांच्या खात्यात जमा होणार, आणि त्याच्या पैशांतून आपल्याला फुकट चुली, चुलींची दुरुस्ती, शिवाय आपल्या दवाखान्यात एक कायमची नर्स."

"म्हणजे आमचा खोकला ते विकत घेणार?" शिलाईवालीने विचारलं. ही काकूंची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. जिभेला सुईसारखीच धार.

"खोकला नाही हो. न झालेला खोकला."

सभागृह हसलं. शिलाईवाली हसली नाही. "जे झालंच नाही ते मोजणार कसं?"

बाईंना हाच प्रश्न हवा होता. मोजायचं असं, की वस्तीतली काही घरं जुन्याच चुलीवर राहणार. त्यांचं लाकूड मोजायचं, नव्या चुलीवाल्यांचंही मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे वाचलेला धूर. पण ही जुनी घरं निवडताना फार काळजी घ्यावी लागते. फार मोठं कुटुंब नको, फार लहान नको, फार काटकसरी नको, उधळं तर नकोच. सगळ्या वस्तीसारखं वस्तीचं घर हवं. त्याला म्हणायचं तुलनेचं घर. आणि कराराची मुदत संपली की नवी चूल सगळ्यांत आधी त्यांना, तीही मोठी, दोन भांड्यांची.

मग नावं वाचली.

काकू घरी आल्या त्या जरा तरंगतच. काकूंचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कुलपांत डोकं घालून बसल्यामुळे स्वतः फारसं तोंड उघडत नसे. उघडलंच, तर मात्र ऐकण्यासारखं बोले.

"अहो, आपलं घर निवडलंय. अगदी मधलं घर म्हणून."

"मी सांगतच होतो," तो कानस खाली न ठेवता म्हणाला, "आपल्यासारखे आपणच."

प्रकल्पाने दारावर लावायला एक निळी पाटी दिली. ती त्याने स्वतः चार स्क्रू मारून पक्की बसवली. शिलाईवालीने ती पाहिली आणि त्या दिवसापासून काकूंचं नाव तुलनाबाई पडलं. लहान पोरं तुलनाकाकू म्हणू लागली. काकूंना राग आला नाही. नाव पडायला काहीतरी असावं लागतं, असं त्यांना वाटलं.

पहिली काही वर्षं बरी गेली. अधूनमधून काटेवाला यायचा. हा प्रकल्पाचा माणूस, सडपातळ, अतिशय सभ्य, हातात स्प्रिंगचा काटा. सरपणाचा ढीग दोरीने बांधून काट्याला लटकवायचा, आकडा टिपायचा आणि सांगायचा, "काकू, या ढिगातलंच जाळा. एरवी करता तसंच करा. मी आहे असं समजूच नका." मापाचे दिवस संपले की येऊन उरलेलं लाकूड पुन्हा लटकवायचा. काकू त्याला चहा द्यायच्या. चहाही आपण नेहमीइतकाच उकळतो ना, हे तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतोय असा त्यांना संशय होता.

खरी अडचण हळूहळू कळली. साधारण असणं सोपं असतं, साधारणच राहायचं म्हटलं की नाकी नऊ येतात. चुलीची जागा बदलायची नाही. धुराडं बसवायचं नाही. गॅस आणायचा नाही, विजेची शेगडी आणायची नाही, आणली तर आधी कळवायचं, म्हणजे नाव कमी करता येईल. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करावी असं कुलूपवाल्याच्या मनात होतं.

"खिडकी मोठी केली तर चालेल का?" त्याने विचारलं.

काटेवाला अवघडला. "हवा वाढली की चूल वेगळी पेटते, काका. विचारून सांगतो."

"आणि मी जाऊन फुंकर मारली तर? तेही विचारून घे."

खिडकी तेवढीच राहिली. शेजारी मात्र शिलाईवालीने नवी चूल आल्यावर स्वयंपाकघराला पांढरा रंग दिला आणि वर्ष उलटलं तरी तो पांढराच राहिला. काकू काही ना काही निमित्त काढून तिथे जायच्या आणि भिंतीवरून बोट फिरवून बोटाकडे पाहायच्या.

"बघ बघ," शिलाईवाली म्हणायची, "तुझ्याच जिवावर पांढरी आहे ती. तू काळी राहिलीस म्हणून माझी पांढरी मोजता येते."

हे ती थट्टेत म्हणायची, पण ते खरं होतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

काकूंना स्वतःच्या खोकल्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव टांगणीला लागला तो नातीमुळे.

काकूंची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या कामावर होती. जावई जहाजावर, वर्षातून एकदा येई, तोही पाहुण्यासारखा. त्यांची मुलगी चार वर्षांची. बसली की लाकडी बाहुलीसारखी ताठ बसून राहायची म्हणून आजोबांनी तिचं नाव ठकी ठेवलं होतं. तिची छाती नाजूक. थोडं काही झालं की श्वास शिट्टीसारखा वाजू लागे. तिच्या आईची कारखान्यातली पाळी सारखी बदलायची, आणि ठकीला सांभाळणारी बाई गाव सोडून गेली. आता पोरीला आजीकडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं: धुराच्या घरात हिला एक दिवसही ठेवू नका.

"आई, तुझी ती मुदत कधी संपते गं?" मुलगी फोनवर विचारायची.

"हे काय, आलीच. पावसाळ्याआधी संपते. नवी चूल आली की लगेच आण तिला."

काकूंनी तयारी सुरू केली. नवी चूल कुठे बसेल ते खडूने फरशीवर आखून ठेवलं. ठकीसाठी खाटेच्या कडेला लाकडी कठडा करून घेतला. भिंतीची काजळी खरवडायला घेतली होती, पण काटेवाल्याने हात जोडले, "काकू, मुदत संपेपर्यंत राहू द्या," तेव्हा थांबल्या. भिंतीचा खरवडलेला तुकडा तेवढा वेगळा दिसायचा, जणू तिथे आधी एखादा फोटो होता.

मग सभागृहात पुन्हा सभा भरली. या वेळी खुर्च्यांना कापडं घातली होती आणि प्रकल्पाच्या बाईंचा चेहरा फुललेला होता. दोन्ही देशांनी करार वाढवला होता. इथला धूर वाचवण्याचा हिशोब तिकडे इतका पसंत पडला, की आणखी तेवढ्याच वर्षांची मुदत मिळाली होती. चुलींची दुरुस्ती चालू राहणार, दवाखान्यातली नर्स राहणार, शिवाय श्वासाच्या रोग्यांना वाफ द्यायचं यंत्र येणार.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनीही टाळ्या वाजवल्या. मुदत आपलीही वाढली हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा हात अजून वाजतच होते, आणि मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या ऑफिसात गेल्या. बाईंनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. काकू काय बोलणार हे त्यांना बहुधा माहीत होतं, कारण त्या पंख्याचा वेग उगीचच कमी-जास्त करत राहिल्या.

"मला यातून मोकळं करा," काकू म्हणाल्या. "नात यायची आहे."

"काकू, तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. कोणाची जबरदस्ती नाही. सगळं ऐच्छिक आहे."

"मग झालं तर."

"झालं," बाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "फक्त एक सांगते. तुलनेची घरं होती सहा. ते टोकाचं कुटुंब गाव सोडून गेलं. आजीबाई मुलाकडे राहायला गेल्या. एका घरी खाटेखाली गॅस सापडला. बाकीच्या दोघांनी नाव काढून घेतलं, मी काही म्हटलं नाही. आता उरलंय तुमचं एक."

"मग दुसरं बघा की एखादं."

"कुठून बघू? सगळ्यांकडे नव्या चुली आल्या. जुन्या चुलीचं घर आता पुऱ्या वस्तीत शिल्लक नाही. आणि नव्याने कोणाला म्हणू, की तुमची चांगली चूल काढा आणि धूर करा? तुलनेचं घर नसेल तर हिशोब उभा राहत नाही. हिशोब नाही तर क्रेडिट नाही. मोजायची दुसरी पद्धत मंजूर करा म्हणून मी तिकडे लिहिलंय. उत्तराला वर्ष लागतं, दोन लागतात."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही ऐच्छिक आहात," बाई म्हणाल्या. आपण काय बोललो हे कळून त्यांनाच कसंनुसं झालं.

ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. कोणी काकूंना काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, उलट उत्तर तरी देता आलं असतं. लोक नुसते येऊन बसू लागले. कोणी पपई आणली, कोणी चुलीला बारीक फोडलेलं सरपण आणून दारात रचून ठेवलं. दवाखान्यातली नर्स सहज म्हणून डोकावली आणि वाफेचं यंत्र कसं चालतं ते सांगून गेली. "नातीला आणा तुम्ही. मी आहे ना," ती म्हणाली. तिचा पगार कुठून येतो ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. म्हणजे काकू बाहेर पडल्या की धूर जाणार आणि नर्सही जाणार. काकू आत राहिल्या तर नर्स राहणार आणि धूरही. ठकीला धूर नको होता आणि नर्स हवी होती.

"बरोब्बर अडकवलंय," कुलूपवाला म्हणाला. "चावी आतच राहिली आणि दार ओढलं गेलं."

वाट काढली ती शिलाईवालीने. "तू माझ्याकडे येऊन स्वयंपाक कर," ती म्हणाली. "माझी चूल मोठी आहे. मी एकटी जीव, मला करून करून करायचं काय? पोरीला घेऊन ये. तुझी चूल राहू दे तशीच पाटी लावून बसलेली."

"आणि काटेवाला?"

"त्याला काय, लाकूड जळलेलं दिसलं म्हणजे झालं. जाळायचं. अन्न शिजलं की नाही ते काटा सांगत नाही."

काकूंना हे पटलं नाही, पण त्यांनी ते केलं. मुलीने ठकीला आणून सोडलं. बरोबर कपड्यांची पिशवी, औषधांचा डबा आणि एक कान तुटलेला ससा. आठवडाभर काकूंची चूल थंड होती. घरातला धूर हळूहळू विरला, खिडकीतून येणारं ऊन जमिनीपर्यंत स्वच्छ पडू लागलं, आणि ठकी त्या उन्हात ताठ बसून सशाला रागावायची. आजोबा तिला जुनी कुलपं खेळायला देत. "यातलं एक उघडलंस तर तुला बढती," ते म्हणायचे. तिचा श्वास वाजत नव्हता. काकू खाटेशी वाकून कान लावून ऐकायच्या आणि काही ऐकू न आल्याचा आनंद घेत तशाच वाकून राहायच्या.

मापाचे दिवस आले. काटेवाल्याने ढीग लटकवला, आकडा टिपला आणि गेला. ठकीला शिलाईवालीकडे धाडून काकूंनी दार लावून चूल पेटवली.

पण नुसतीच चूल जाळायची कशी, हे काकूंना येत नव्हतं. उभा जन्म त्यांनी जाळ कधी रिकामा ठेवला नव्हता. डाळीला उकळी आली की लाकूड मागे ओढायचं, भात मुरायला ठेवला की निखाऱ्यावर राहू द्यायचं. किती जाळायचं ते भांडं सांगायचं. आता सांगणारं कोणी नव्हतं. मोकळा जाळ पाहून त्यांना लाजल्यासारखं झालं, म्हणून पाण्याचं पातेलं ठेवलं. पाणी उकळलं. आता थांबायचं का? त्यांना वाटलं, कमी जळलं तर काटेवाल्याला संशय येईल. आणखी दोन ढलप्या सारल्या. पाणी आटलं, दुसरं ओतलं. डोळे चोळत, खोकत, त्या कोणासाठीही काही न शिजवता घामाघूम होऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. नंतर खिडकीत कागदाचा पंखा हलवत अर्धा दिवस गेला, तेव्हा कुठे ठकीला घरात आणता आलं.

काटेवाल्याने उरलेला ढीग लटकवला आणि भुवया उंचावल्या. "काकू, लाकूड बरंच गेलं की या वेळी."

"थंडी होती," काकू म्हणाल्या. थंडी नव्हती.

त्यानंतरच्या मापातही तसंच झालं, कारण एकदा जास्त जाळल्यावर पुढच्या वेळी कमी जाळायची त्यांना भीती वाटली. आणि मग व्हायचं तेच झालं. जुन्या चुलीला जास्त लाकूड लागतं असं दिसलं, म्हणजे नव्या चुलीने जास्त धूर वाचवला असं ठरलं. सगळ्या वस्तीच्या नव्या चुलींना काकूंच्या एका चुलीने गुणायचं होतं. क्रेडिटं भराभर वाढली. बाई पेढे वाटावेत तशी बातमी वाटत फिरल्या. दवाखान्यात वाफेचं दुसरं यंत्र येणार होतं.

"तुलनाबाई, तू तर खाणच निघालीस," शिलाईवाली म्हणाली. पण म्हणताना तिने काकूंच्या नजरेला नजर दिली नाही.

आधी काकू नुसत्या अडकल्या होत्या, आता खोट्याने अडकल्या. नाव काढून घ्यावं तर आदल्या मापाची चौकशी होणार. चालू ठेवावं तर पुढच्या मापाला पुन्हा तेवढंच जाळायचं.

आकडा असा एकदम चढला की तिकडच्यांनाही तो खुपतो. समुद्रापलीकडून तपासनीस आला. उंच, गोरटेला, वयाने काकूंच्या मुलीएवढा. खालच्या पाटावर बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांपर्यंत आले. त्याला काकूंचा स्वयंपाक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा होता. काटेवाला भिंतीला टेकून उभा राहिला, बाई दुभाष्याचं काम करायला शेजारी बसल्या. ठकी शिलाईवालीकडे होती. भिंतीपलीकडून तिचं बोबडं गाणं मधूनमधून ऐकू येत होतं.

कितीतरी दिवसांनी काकूंनी त्या चुलीवर खरा स्वयंपाक केला. हात आपोआप चालू लागले. डाळ उकळली, लाकूड मागे आलं. भात ठेवला, निखारा पुढे सरकला. तपासनिसाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी बिचारा हलला नाही. जेवण झालं, त्याने ते मनापासून वाखाणलं, आणि मग उरलेलं लाकूड काट्याला लटकलं.

काटेवाला आकड्याकडे बघतच राहिला. मापाच्या दिवसांत एका स्वयंपाकामागे जळायचं, त्यापेक्षा लाकूड फारच कमी गेलं होतं.

तपासनिसाने काहीतरी विचारलं. बाईंनी मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, एवढा फरक का?"

काकूंनी हात पदराला पुसले. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या मनात एकच होतं: कोणी विचारलं तर सांगून टाकायचं. सांगितलं की नाव आपोआप निघेल, शिक्षा व्हायची ती होईल, पण चूल विझेल आणि पोरगी घरात राहील. नर्सचा विचार त्यांनी रात्रभर बाजूला ढकलून ठेवला होता.

"त्यांना सांगा," काकू म्हणाल्या, "मी मापाच्या दिवसांत इथे स्वयंपाकच केला नाही. शेजारी केला. नातीला धूर सोसत नाही म्हणून. इथे नुसतं पाणी उकळून लाकूड जाळलं. किती जाळायचं ते कळलं नाही, जास्त जळलं. चूक माझी आहे."

काटेवाल्याने मान खाली घातली. त्याला बहुधा पूर्वीच कळलं होतं. बाई काकूंकडे पाहत राहिल्या. मग तपासनिसाकडे वळून त्यांच्या भाषेत चार शब्द बोलल्या. त्याने मान डोलावली, हसला, काहीतरी लिहून घेतलं.

"हसला का तो?" काकूंनी विचारलं. "काय सांगितलंत तुम्ही?"

"पाहुणे होते, म्हणून जास्त लागलं, असं सांगितलं."

"मी ते म्हणाले नाही."

"नाही म्हणालात," बाईंचा आवाज बारीक झाला होता. "काकू, मागची सगळी मापं रद्द होतील. दिलेली क्रेडिटं परत मागतील. चुली कोण दुरुस्त करणार? दवाखान्याचं काय? तुमची नात तिथेच जाते ना वाफ घ्यायला?"

"म्हणजे मी खरं बोललेलंही चालत नाही?"

"माझ्यापाशी बोललात ना," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं." आणि त्यांनी खरोखरच काकूंचा हात हातात घेतला. तपासनिसाला ते पाहून फार बरं वाटलं असावं, कारण त्याने दोघींचा फोटो काढला. काकूंचे डोळे धुराने मिटलेले होते.

जाता जाता त्याने एक शिफारस केली. पाहुण्यांमुळे असा घोळ होऊ नये म्हणून यापुढे माप दर महिन्याला घ्यावं, आणि मापाच्या दिवसांत काटेवाल्याने सकाळ-संध्याकाळ चुलीपाशी बसून राहावं. मागचे चढलेले आकडे तेवढे बाजूला ठेवावेत. बाईंनी ते लगेच मान्य केलं. त्या काकूंकडे पाहून म्हणाल्या, "हे बरंच झालं. आता तुम्हाला फुकट जाळायला नको." हे त्या मनापासून म्हणाल्या.

आता चूल महिन्याच्या महिन्याला खरीच पेटणार होती, आणि घर जरा निवळतंय तोच पुढचं माप येणार होतं. मुलीला बोलावून घेतलं. ती आली ती रजा मागून, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन.

"मी नेते हिला परत," ती म्हणाली. "काहीतरी बघते."

"काय बघणार आहेस?"

"माहीत नाही, आई. बघते म्हटलं ना."

कुलूपवाला दुकानातून उठून आला. "पाटी मी आत्ता काढतो," तो म्हणाला. हातात स्क्रूड्रायव्हर होता. "तू फक्त हो म्हण."

काकू दाराकडे बघत राहिल्या. समोरच्या घरी दुरुस्तीवाला चुलीची जाळी बदलत होता. दवाखान्याच्या रांगेत जाण्यासाठी पलीकडची म्हातारी काठी टेकत निघाली होती. जाता जाता तिने काकूंना हात केला.

"जिथे पोरीला दम लागल्यावर न्यायचं तीच जागा बंद करू का?" त्या शेवटी म्हणाल्या. "अहो, ठेवा ते आत."

"पोरगी कुठे जात नाही," शिलाईवाली दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली कोणाला कळलं नव्हतं. "माझ्याकडे राहील. माझी भिंत पांढरी आहे ती कशासाठी? तुझा धूर तुझ्याकडे, पोरगी माझ्याकडे. मधे एक वीट."

असं ठरलं. ठकीची खाट, कठड्यासकट, शेजारच्या घरात गेली. मुलगी कामावर परत गेली. काकू मापाच्या दिवसांत चुलीपाशी बसतात, काटेवाला पाटावर बसून लाकूड मोजतो, आणि दोघं फारसं बोलत नाहीत. काम आटोपलं की काकू केस धुतात, लुगडं बदलतात, अंगणात थोडा वेळ वाऱ्याला उभ्या राहतात आणि मग शेजारी जातात. तरीही ठकी कधी कधी मांडीवर बसता बसता नाक मुरडते. मग काकू जरा लांब सरकून बसतात आणि तिथूनच गोष्ट सांगतात.

परवा गल्लीत एक नवी मुलगी राहायला आली. ठकीशी तिची ओळख झाली, दोघी उंबऱ्यावर बसून एकमेकींना आपापली माणसं सांगत होत्या. काकू अंगणात केस वाळवत उभ्या होत्या, त्यांच्या कानावर आलं.

"ही तुझी आजी?" नव्या मुलीने शिलाईवालीकडे बोट दाखवून विचारलं.

"नाही," ठकी म्हणाली. "माझी आजी शेजारी राहते."